अर्जातली उडी

अर्जदार : मी स्वतः. राहणार धार, धंदा अर्जनवीस, वय वर्षे अठ्ठेचाळीस. शिक्षण मराठी सहा इयत्ता पूर्ण, इंग्रजी तीन इयत्ता अपूर्ण. मात्र हस्ताक्षर असे की कचेरीतले कारकून ते लांबूनच ओळखतात.

ज्यांच्याकरिता अर्ज : धारच्या जुन्या पागेतल्या घराण्यातले एक गृहस्थ, माजी सैनिक, वय चौतीस पूर्ण, पस्तीस चालू.

ज्यांच्याकडे अर्ज : कन्नौदच्या बाजूच्या एका जंगल कचेरीचे साहेब.

तारखा : संस्थाने विलीन झाल्यानंतरच्या सहाव्या वर्षाचा भाद्रपद, तिथपासून पुढच्या वर्षाच्या वैशाखापर्यंत.

साक्षीदार : एक, देवासचे निवृत्त फौजी डॉक्टर. दोन, माझी थोरली बहीण, तिची साक्ष माझ्याविरुद्ध जाण्याचा संभव असूनही. तीन ते सहा, चार इंग्रजी पुस्तके, पैकी तीन परत केलेली व एक अद्याप साहेबांकडे.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. पंचवीस वर्षे मी लोकांची नावे, त्यांच्या बापांची नावे आणि गावांची नावे लिहीत आलो. ह्या प्रकरणात दोष माझा आहे, आणि माझ्या दोषाच्या कागदावर दुसऱ्या कोणाचे नाव यावे हे मला उचित वाटत नाही. हकीकत येणेप्रमाणे.

कचेरीच्या आवारात एक दगडी ओटा आहे. त्यावर माझी लाकडी पेटी, दौत, टाक आणि बसकर असते. माझे आजोबा संस्थानच्या फडात, म्हणजे सरकारी दप्तरात, लिहिणारे होते. सदरहू गृहस्थांचे आजोबा संस्थानच्या पागेत घोड्यांची निगा राखणारे. आमच्या आजोबांच्या चिठ्ठीवाचून त्यांच्या आजोबांच्या घोड्यांना दाणा मिळत नसे. हे सर्व केव्हाच संपले, पागाही मोडली, तरी ते गृहस्थ माझ्यापुढे आले ते उभेच राहिले.

"बसा राव."

"नको पंत, उभाच बरा. कन्नौदकडं जंगलात नाकेदाराची जागा निघालीय. फौजीवाल्यांना पहिले घेणार म्हणतात. एक अर्जी लिहून द्या."

नाकेदार म्हणजे जंगलाच्या नाक्यावर राखण करणारा. मी विचारले, सध्या काय करता? तर धामनोदला, आग्रा रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे ट्रक धुतो म्हणाले.

"काम वाईट नाही," ते म्हणाले. "पण ट्रकला हात फिरवला तर ट्रक काय कान हलवतो का? जंगलात मला झोप तरी येईल. आणि पंत, वयाची सूट पस्तीसपर्यंतच आहे. श्रावणात माझे पस्तीस पुरे होतात, पुढच्या."

म्हणजे एकच वर्ष, एकच जागा. मी टाक बुडवला.

"लढाईत कुठे होता?"

"ब्रह्मदेशात."

"तिथे काय केले?"

"खच्चरं सांभाळली."

"आणि?"

"आणि काय, परत आलो."

"शत्रू दिसला?"

"कधीमधी. जास्त करून त्याला आम्ही दिसू नये असंच चालायचो. पाच महिने. त्याच्या मागच्या अंगाला होतो ना आम्ही. विमानातून नेऊन उतरवलं होतं, खच्चरांसकट."

"विमानातून?"

"हां. माझ्या खच्चरानं सगळा वेळ माझ्या खांद्यावर तोंड ठेवलेलं."

ह्यापलीकडे त्यांनी काही सांगितले नाही. एवढ्या मजकुराने फुलस्केप कागदाचा चौथा हिस्साही भरत नाही. परंतु विमान हा शब्द ऐकल्यापासून माझ्या अंगात एक विलक्षण तरतरी आली. आजपर्यंत माझ्या ओट्यापुढे बांधाचे तंटे, वाटण्या, हरवलेले बैल आणि नांदायला न येणाऱ्या सुना आल्या होत्या. शत्रूच्या पाठीमागे विमानातून गेलेला मनुष्य प्रथमच आला होता, आणि त्याचा अर्ज कसा लिहावा ह्याचे मला ज्ञान नव्हते. मी त्यांना पंधरा दिवसांनी यावयास सांगितले.

पुढच्याच आठवड्यात गौरींकरिता मी देवासला थोरल्या बहिणीकडे गेलो. देवास पूर्वी दोन संस्थानांचे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि हद्द भररस्त्यातून जाई. बहिणीचे घर धाकट्या पातीत. समोरच्या घरात एक निवृत्त फौजी डॉक्टर राहतात. दोन्ही राज्ये गेली तरी आक्का त्यांना "पलीकडच्या राज्यातले डॉक्टर" असेच म्हणते.

मी रस्ता ओलांडून गेलो व माझी अडचण निवेदन केली. विमानातून उतरून शत्रूच्या मागे जाणाऱ्या शिपायांविषयी अर्जात काय लिहावे, एवढेच विचारले. खेचरांचा उल्लेख केला नाही. तो मला गैरलागू वाटला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "शिपाई दोन जातींचे असतात, पंत. पाठवले म्हणून जातात ते एक. आणि 'मला पाठवा' म्हणून मागून जातात ते दुसरे. हे दुसरे फार थोडे. त्यांच्याबद्दल तुम्हाला वाचावंच लागेल, माझ्या दोन वाक्यांनी भागायचं नाही. इंग्रजी किती झालंय?"

"तिसरीपर्यंत."

"मग कोश बाळगा."

औषध लिहिण्याच्या कागदावर त्यांनी तीन पुस्तके क्रमवार लिहिली आणि खाली लिहिले : रोज दहा पाने, जेवणानंतर. नंतर स्वतःच उठून कपाटातून तिन्ही काढून दिली.

आक्काने ती पाहिली. "बाळ, इंग्रजी तिसरीत तू दोनदा बसलास. आता डॉक्टरांची पुस्तकं वाचणार?"

"दोनदा बसलो, म्हणूनच ती इयत्ता मला इतरांच्या दुप्पट येते."

"देवा," म्हणून ती चुलीवरच्या घाटल्याकडे वळली.

रोज दहा पानांची मर्यादा मी दुसऱ्याच दिवशी मोडली. परतीच्या मोटारीत, इंदूर येईपर्यंत, पहिल्या पुस्तकाची वीस पाने झाली होती. हे पुस्तक छत्री सैनिकांविषयी होते. त्यांचे शिक्षण विमानात सुरू होत नाही. प्रथम एक प्रचंड फुगा दोराने आकाशात सोडतात, त्याखाली पाळणा, पाळण्याच्या तळाला एक भोक. पाच माणसे भोकाभोवती पाय आत सोडून बसतात, आणि हुकूम होताच एकेक जण त्यातून नाहीसा होतो. विमानात यंत्राचा गोंगाट तरी असतो, फुग्यात काहीच आवाज नाही, म्हणून फुग्याचीच भीती अधिक, असे लेखकाने लिहिले आहे. ते वाचून मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. मोटार त्या वेळी राऊच्या चढावर होती.

अधिक आश्चर्याची बाब अशी, की त्या पाळण्यात बसलेल्या कोणासही "नाही" म्हणण्याची मुभा होती. शिक्षा नाही, शिवीगाळ नाही. फक्त सायंकाळच्या आत त्याची वळकटी बराकीबाहेर आणि तो आपल्या जुन्या पलटणीत. बळजबरीने कोणाला शूर करता येत नाही हे त्या लोकांना ठाऊक होते. मी पुस्तक मिटले आणि मोटारीतल्या माणसांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. समोरचा पगडीवाला सावकार भोकाशी जाऊन परत फिरला असता. कोपऱ्यातली भाजीची टोपली घेतलेली बाई मात्र हुकमाची वाट न पाहता गेली असती, अशी माझी खात्री झाली.

कचेरीच्या ओट्यावर मी पुढचे वाचन केले. दुपारी न्यायाधीश बसले की आवार रिकामे होई. त्या वेळी कोश मांडीवर घेऊन मी वाचीत असे. दुसऱ्या पुस्तकातले लोक तोंडाला काजळी फासून छोट्या होड्यांतून शत्रूच्या किनाऱ्यावर जात. त्यांच्या तुकडीत प्रत्येकाला दुसऱ्या प्रत्येकाचे काम येई, म्हणजे एक पडला तरी काम थांबत नसे. हे वाचल्यावर शेजारी बसणाऱ्या माळवी मुन्शीला मी मराठी अर्जाचा मायना शिकवावयास घेतला. त्याने दुसऱ्या दिवशी सोडले.

जमिनीवर कसे उतरावे ह्याचेही पहिल्या पुस्तकात सविस्तर वर्णन होते. पाय जुळवलेले, गुडघे किंचित वाकलेले, आणि भूमी लागताच पोटरी, मांडी, कंबर, खांदा ह्या क्रमाने लोळण घ्यायची. कोणत्याही एका हाडावर भार येऊ द्यायचा नाही. वाचून समजत नसल्यामुळे मी ओट्यावरून करून पाहिले. ओटा कमरेइतका उंच आहे.

"कंई हुयो, मुन्शीजी? चक्कर आयो कंई?" शेजारी धावून आला.

"चक्कर नव्हे. हे उतरणे आहे."

"अपण तो पायरी से उतरां," तो म्हणाला, आणि माझी टोपी झटकून त्याने मला दिली.

तिसऱ्या पुस्तकात अशा माणसांची निवड कशी करतात ते होते. आडदांड मनुष्य घेत नाहीत. फार बोलणारा घेत नाहीत. केलेल्या गोष्टीपेक्षा अधिक सांगणारा उमेदवार तर पहिल्याच दिवशी परत पाठवतात, कारण जंगलात जो खोटी बातमी आणील तो साऱ्यांना मारील. हे वाक्य मला इतके पटले की पेन्सिलीने मी खाली रेघ ओढली. त्याच आठवड्यात, त्याच हाताने, मी पुढला अर्ज लिहिला.

आमच्या धंद्याची रीत येथे सांगणे अवश्य आहे. पक्षकार सांगतो त्याला आम्ही हकीकत म्हणतो, आणि त्याने जे सांगावयास हवे होते त्याला भर. हकीकत नुसती दिली तर साहेबाची नजर कागदावर ठरत नाही. मारहाणीत दोन टोले असतील तर आम्ही असंख्य लिहितो. मारणाराचा मुन्शीही तेच करतो, आणि साहेब दोघांचे छाटून मधले घेतात. असे सर्वांचे ठीक चालते. म्हणून मी लिहिले : "सदरहू अर्जदाराने ब्रह्मदेशाच्या घनदाट अरण्यात, शत्रूच्या पिछाडीस, उडत्या विमानातून छत्रीच्या आधारे निधड्या छातीने उडी घेऊन पाच महिने अतुल पराक्रम गाजविला." फुगा, पाळणा, भोक ह्यांचेही दोन ओळींत सूचन केले. इतका उत्तम कागद मी आयुष्यात लिहिला नव्हता. लिहिताना माझा श्वास जोराने चालला होता.

अर्ज पक्षकाराला वाचून दाखवावा लागतो; तळाशी "वाचून दाखविला, समजला, कबूल" असे लिहून सही घेतात. मी वाचून दाखवला.

"पंत, ती उडी काढा," ते म्हणाले.

"का?"

"विमान खाली उतरलं होतं. जंगलात मैदान साफ केलेलं. दार उघडलं, फळी लावली, आम्ही फळीवरून खाली आलो. पहिले खच्चर, मागून मी."

"राव, फळीवरून कोणीही उतरतो. साहेबांपुढे शंभर अर्ज असणार."

"पण मी कूदलो नाही ना."

"ही अर्जाची भाषा असते. लग्नपत्रिकेत जावयाला चिरंजीव लिहितात, म्हणून तो काय अमर होतो?"

त्यांनी कागदाकडे पाहिले, माझ्या टाकाकडे पाहिले. आणखी एकदा तोंड उघडले आणि मिटले. मी ते पाहिले होते, हे मी येथे कबूल करतो. दुसऱ्या कोणा गिऱ्हाइकाने हुज्जत घातली असती. पागेतल्या माणसाने फडातल्या माणसाच्या लिहिण्यात हात घालायचा नाही, ही तीन पिढ्यांची सवय होती, आणि तिचा फायदा मला मिळाला. फौजेत शिकवलेल्या इंग्रजी अक्षरांत त्यांनी सावकाश सही केली. उडी त्या क्षणापासून त्यांची झाली.

पौषात ते परत आले. ह्या वेळी मी न सांगता ओट्यावर बसले.

"साहेबांनी विचारलं, किती उंचावरून कूदला."

"मग?"

"मी म्हटलं, फळी होती साहेब, चार हात असेल."

मी टाक खाली ठेवला.

"साहेब म्हणाले, मग हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, लिहिणाऱ्यानं लिहिलं. ते म्हणाले, सही कोणाची? मी म्हटलं, माझी." ते कचेरीच्या फाटकाकडे पाहत बोलत होते. "लाल शाईनं लिहिलं त्यांनी. झूठा बयान. माझ्यासमोर लिहिलं."

"जागा भरली?"

"नाही अजून. पण त्या कागदावर मला कोण घेईल? पंत, पाच महिने एका खच्चराला पण मी खोटं सांगितलं नाही. चल, पुढं पाणी आहे म्हटलं, तर पुढं पाणी असायचं. म्हणून ते यायचं माझ्या मागं."

त्यांनी आवाज चढवला नाही. धामनोदची मोटार निघायची होती म्हणून ते उठले. 

त्या शनिवारी मी देवासला गेलो. उद्देश असा होता की डॉक्टरांनी एक दाखला द्यावा, की विमानातून फळीवरून उतरणे आणि छत्रीने उतरणे ही फौजेत समान गणली जातात. मी तसा मसुदाही तयार नेला होता. डॉक्टरांनी तो वाचला नाही, हकीकत माझ्या तोंडूनच ऐकली.

"फळीवरून? बरोबर काय होतं म्हणालात?"

"खेचरे."

"ब्रह्मदेशात. शत्रूच्या मागे. पाच महिने."

"होय."

डॉक्टर उभे राहिले. "हा माणूस धारला आहे, तुमच्यासमोर उभा राहतो, आणि तुम्ही माझ्याकडे पुस्तकं मागायला आलात?"

मी मसुद्याची घडी घालून तो खिशात ठेवला.

"त्या तुकड्यांतून परत आलेल्यांना मी तपासलेलं आहे, पंत. वजनाच्या काट्यावर उभे केले की काटा हलायचा नाही, असे होते ते. उड्या मारणारे मोठेच, पण उडी एका मिनिटाची असते. ह्यांची पाच महिन्यांची होती." ते आतल्या खोलीत गेले आणि चौथे पुस्तक घेऊन आले, हिरव्या कापडाच्या बांधणीचे. "हे मी कुणाला देत नसतो. तुम्ही न्या. आणि ह्या वेळी दहा पानांचा नियम नाही."

ते पुस्तक मी आक्काच्या माडीवर खिडकीशी बसून दोन दिवसांत वाचले. माझ्या हयातीत असे वाचन घडले नाही. त्या तुकड्यांना रस्ता नव्हता, गाडी नव्हती, मागे फिरण्याची वाट नव्हती. अन्न आकाशातून टाकत. पण कुठे टाकायचे हे कळवायला बिनतारी यंत्र हवे, आणि ते यंत्र खेचराच्या पाठीवर. खेचर दरीत गेले की यंत्र गेले. यंत्र गेले की तुकडी मुकी झाली आणि उपाशी मेली. म्हणजे शेकडो माणसांचा जीव एका जनावराच्या पायावर, आणि ते पाऊल कुठे पडावे हे पाहणारा एक मनुष्य. लेखक साहेबलोकांपैकी आहे, तरी त्याने स्पष्ट लिहिले आहे की खेचरवाल्यांची निवड तो सर्वांत काळजीने करी.

पुढच्या पानावर आणखी एक गोष्ट होती. खेचर ओरडले तर शत्रूला पत्ता लागेल, म्हणून सगळ्या खेचरांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज काढून टाकला होता. मी ते वाक्य तीनदा कोशाशी ताडून पाहिले.

मी जिन्यावरून आक्काला हाक मारली आणि तिला मराठीत सारे सांगत सुटलो. ती पदराला हात पुसत ऐकत राहिली. माझा चहा गार झाला होता, तो गरम करायलाही तिने परत नेला नाही.

"हे त्या माणसाला सांगितलंस?"

"त्याला काय सांगायचे? त्याला ते माहीतच आहे."

"त्याला माहीत आहे हे तुला आता कळलंय, ते सांगितलंस का?"

सोमवारी मी देवासहून घरी न जाता परस्पर धामनोदला उतरलो. ढाब्यामागे ते एका ट्रकचे चाक घासत होते. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि घासणे चालू ठेवले.

मी म्हणालो, "तुमच्या खेचरांना आवाज नव्हता."

हात थांबला. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"पुस्तकात आहे." मी पिशवीतून काढून पान दाखवले.

"पुस्तकात आहे?" त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले, पण पुस्तकाला लावले नाहीत, नुसते वाकून छापलेल्या ओळींकडे पाहत राहिले. "आणि मी घरी सांगितलं तर भाऊ म्हणाला, गप्पा मारतो."

मग ते बोलू लागले आणि मी ऐकू लागलो. कागद काढला नाही. खेचर मान लांब करायचे, तोंड उघडायचे, पोट आत जायचे, सगळी मेहनत करायचे आणि आवाज काहीच नाही. पहिल्या दिवशी ते बघून आपण रडलो, मग हळूहळू कानाच्या हालचालीवरून त्याचे बोलणे कळू लागले. पावसात रात्रंदिवस खोगिराखाली हात घालून पाठ सोलली आहे का ते पाहायचे. विमानातून दाणा पडला की आधी जनावराचा हिस्सा काढायचा, मग आपला. एकदा तीन दिवस दोघांनाही बांबूची पानेच होती.

"पागेत आजोबा सांगायचे," ते म्हणाले, "जनावर उपाशी असताना जेवलं की अन्न लागत नाही. फौजेत विचारलं, जंगलात खच्चरांबरोबर कोण जाणार, परत यायची गॅरंटी नाही. मी हात वर केला. दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं असतं तर त्यानं नीट बघितलं असतं का?"

मला पाठवा म्हणून मागून गेलेला मनुष्य तो हाच. तीन पुस्तके भरून मी ज्यांच्याविषयी वाचले, त्यांपैकी एक माझ्या ओट्यापुढे उभा होता आणि मी त्याला फळीवरून ढकलून आकाशात पाठवले होते. लाज वाटली हे खरे. परंतु त्याहून अधिक आनंद झाला, हेही लिहून ठेवतो. ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला तेव्हा मीच त्याला थांबण्यास सांगितले, आणि का थांबावे ते भर रस्त्यात समजावले. तो खाली उतरला, म्हणाला, "अरे भिया, पहले क्यों नी बताया," आणि उरलेले चाक त्याने स्वतः धुतले.

दुसरा अर्ज मी माझ्या नावाने केला. त्यात लिहिले की उडीचा मजकूर माझा आहे, पक्षकाराने तो काढण्यास सांगितला होता व मी काढला नाही. पुढे खरी हकीकत, त्यांच्या शब्दांत, भर न घालता. सबंध अर्ज एक पान भरला आणि मला एकही विशेषण लावावे लागले नाही. वाचून दाखवला तेव्हा त्यांनी दोन ठिकाणी थांबवले. दोन्ही ठिकाणी मी खोडून पुन्हा लिहिले.

चैत्रात आम्ही दोघे कन्नौदच्या बाजूला साहेबांपुढे गेलो. साहेब तरुण, बाहेरच्या मुलखातले.

"आप ही हैं वो लिखनेवाले?"

"जी हुजूर."

"पहले हवाई जहाज से कुदवाया, अब खच्चर ले आए."

मी पुस्तक टेबलावर ठेवले आणि ते पान उघडून बोट ठेवले. साहेबांनी वाचण्यास सुरुवात केली. इंग्रजी ते माझ्यासारखे बोट फिरवून वाचत नाहीत. नुसती नजर खाली जाते. पान उलटले. आणखी एक उलटले. मग साहेबांनी मान वर करून मला नव्हे, सदरहू गृहस्थांना विचारले.

"नदी में खच्चर कैसे उतारते थे?"

"उतारते नहीं थे, साहब. पहले खुद उतरते थे. फिर उसकी मरजी."

"और मरजी न हो?"

"तो किनारे पे बैठ के बीड़ी पीते थे. थोड़ी देर में उसकी हो जाती थी."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यानंतर अर्धा तास साहेब विचारीत होते आणि ते सांगत होते. माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही. दारातला शिपाई आत येऊन भिंतीशी उभा राहिला. मला भोवऱ्यासारखे फिरावेसे वाटत होते. मी हात मांडीवर घट्ट धरून बसलो.

शेवटी साहेब म्हणाले, "किताब छोड़ जाइए. पूरी पढ़कर हुक्म करेंगे."

त्याला महिना उलटून गेला. कन्नौदहून आलेल्या एका पक्षकाराने सांगितले की साहेब दौऱ्यावरही ते हिरवे पुस्तक बरोबर नेतात. देवासहून डॉक्टरांची दोन पत्रे आली, पुस्तक कुठे आहे म्हणून. जागा अजून भरलेली नाही. पहिल्या अर्जावरचा लाल शेरा अजून तसाच आहे.

सबब साहेबांच्या सेवेशी विनंती की, "झूठा बयान" हा शेरा ज्याचे बयान होते त्याच्या, म्हणजे माझ्या, नावावर घ्यावा. मी तो कोणत्याही कचेरीत मान्य करीन. सदरहू गृहस्थांनी आपल्यासमोर जे सांगितले तेच त्यांचे बयान समजावे. श्रावणात त्यांचे वय सवलतीच्या मर्यादेबाहेर जाते. तत्पूर्वी जागा देणे किंवा न देणे ह्याविषयी काय तो हुकूम लेखी कळवावा. पुस्तक थोडे राहिले असल्यास सावकाश पूर्ण करावे. डॉक्टरांना मी थांबण्यास सांगितले आहे. उत्तर मात्र आधी द्यावे.